चहाआधीचे दोन शब्द

बुधवार, १५ फेब्रुवारी २०२३, निलंगा

आज रजिस्ट्री झाली. बेचाळिसाव्या वर्षी माझ्या नावावर घर आलं. अख्खं नाही, मैनोद्दीनभाईंचा हिस्सा. पुढच्या दोन खोल्या आणि अंगणातला वाटा. वडिलांच्या मागे भावाला दोन भाग आणि बहिणीला एक, अशी त्यांच्यातली वाटणी. ती बहीण, रसूलबी, मागच्या खोलीत एकटी राहते. मैनोद्दीनभाई लातूरला मुलांकडे गेले ते आता कायमचेच. "बहिणीला इचारलं, तिला न्हाई पाहिजे," असं त्यांनी मला तीनदा सांगितलं. बावीस वर्षं पोस्टात काउंटरवर बसून एक कळलंय, की माणूस एकच गोष्ट तीनदा सांगायला लागला की पाकीट उघडून बघावं. पण कागद स्वच्छ होते, आणि माझ्या नवऱ्याला, विनोदला, नांदेडच्या रेल्वे ऑफिसातून एकच दिवस रजा मिळाली होती.

सही करून तो तसाच एसटी पकडायला गेला. मी पेढे घेतले आणि रसूलबीकडे गेले. म्हटलं, पहिला पेढा शेजारणीचा. ती दारात तांदूळ निवडत बसली होती. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं, "खाला, आज रजिस्ट्री झाली. तुमच्या भावाचा हिस्सा मी घेतला." माझा हात पिशवीत, डब्याची दोरी काही सुटेना. तेवढ्यात म्हातारी म्हणते, "मैं ली. मैं ली." दोनदा. पेढा डब्यात, डबा पिशवीत, आणि हिनं घेतलापण. मला हसू आलं.

मग ती आत गेली आणि चहा केला. कान तुटलेला कप तिनं स्वतःकडे ठेवला, चांगला मला दिला. चहा उकळेपर्यंत मी अंगणात पावलं मोजून घेतली आणि चहा पिता पिता तिला सगळं सांगितलं. इथून इथपर्यंत भिंत घालणार, रस्त्याकडे माझं वेगळं दार काढणार, दारावर माझ्या नावाची पाटी लावणार. हापसा माझ्या बाजूला येतोय, पण पाणी भरायला तिनं केव्हाही यावं, हेही सांगितलं. ती काही बोलली नाही. फार शांत बाई आहे. शेजार चांगला मिळाला.

आता आडनाव सांगितल्यावर "अरेरे, खोली कालच गेली की" असं कुणी तोंडावर म्हणणार नाही. एवढं एक मला हवं होतं. रडू आलं थोडं.

रविवार, १९ फेब्रुवारी

सकाळी चुन्यानं भिंतीची रेघ आखत होते, तर रसूलबी दोन माणसं घेऊन आली. एक मशिदीतले म्हातारे इमामसाब, दुसरी समोरच्या किराणा दुकानाची शांतम्मा. मला वाटलं, गल्लीतली माणसं ओळख करून घ्यायला आलीत. मी सतरंजी टाकली. कुणी बसेना.

रसूलबी अंगणाच्या मधोमध उभी राहिली आणि शाळेत कविता म्हणतात तशी म्हणाली, "मैं खबर सुनतेच शुफा मांगी थी. अब फिर मांगती. तुम दोनों गवाह."

मी ऐकलं सोफा. पुढच्या खोलीत मैनोद्दीनभाईंनी एक जुना सोफा टाकून दिलाय, स्प्रिंगा वर आलेल्या. मी म्हटलं, "अहो घेऊन जा की. मला कशाला पाहिजे. आजच न्या."

दोघं साक्षीदार एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी इमामसाबांनी टोपी सारखी केली. "सोफा न्हाई बाई, शुफा. हिस्सेदाराचा पहिला हक हाय आमच्यात. एकानं इकलं तर दुसरा हिस्सेदार म्हणू शकतो, जेवढ्याला गेलं तेवढ्याला मीच घेतो, परका नको. तुमी बाजूला व्हायचं आणि ह्यांनी तुमच्या जागी यायचं."

"परका म्हणजे मी?"

"तसं न्हाई," इमामसाब म्हणाले. पण तसंच होतं.

शांतम्मा जाताना लुगडं उचलून चुन्याची रेघ न पुसता गेली. "मला बोलावलं म्हणून आले, अक्का. राग धरू नगा," म्हणाली. मी राग कुणावर धरायचा तेच कळत नाही. म्हातारी पैसे कुठून आणणार, हे विचारायचं राहिलं. ती सतरंजी अजून तिथंच आहे.

सोमवार, २० फेब्रुवारी

अर्धी रजा टाकून कोर्टासमोरच्या पंचाक्षरी वकिलांकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकाएकी तरतरीत झाले. म्हणाले, असली केस वीस वर्षांत हातात आली नव्हती.

मी म्हटलं, "भावानं विचारलं तेव्हा ती नको म्हणाली होती."

"ते धरत नाहीत. हा हक्क विक्री झाल्यावरच जन्माला येतो. जन्माआधीचा नकार काय कामाचा?"

म्हणजे आधी नको म्हटलं ते नको नाही, आणि नंतर हवं म्हटलं ते मात्र हवं. मी दोनदा विचारून घेतलं, तरी ते डोक्यात बसेना.

"आता नीट आठवा," वकील म्हणाले. "बातमी तिला कुणी दिली?"

"मीच. पेढे घेऊन गेले होते."

त्यांनी कपाळाला हात लावला. मग विचारलं, ऐकल्यावर तिनं पहिलं काय केलं. मी म्हटलं, चहा केला.

"चहा!" एवढ्या मोठ्यानं म्हणाले की बाहेरचा टायपिस्ट आत डोकावला, त्याला वाटलं मागवायचाय. "बाई, तुम्ही वाचलात. ह्या हक्काला दोन मागण्या लागतात. दुसरी साक्षीदारांसमोर, ती तिनं काल केली. पण पहिली मागणी बातमी कानावर पडल्याक्षणी करावी लागते. जागच्या जागी. जुन्या एका निकालात एकजण बातमी ऐकून घरात गेला, पेटी उघडली, पैसे काढले आणि मग येऊन मागणी केली. हरला. पेटी उघडायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात हक्क गेला. हिनं तर स्टोव्ह पेटवला, आलं किसलं, दूध घातलं."

"आलं नव्हतं," मी म्हटलं.

आणखी एक मुद्दा त्यांनी लिहून घेतला. विकणारा आणि मागणारा मुसलमान असला की पुरे, असं काही निकाल म्हणतात. काही निकाल म्हणतात, विकत घेणारासुद्धा मुसलमान पाहिजे, नाहीतर हा कायदा त्याला लावायचा नाही. आपण दुसऱ्या ढिगातले निकाल दाखवू, म्हणाले.

येताना रस्ताभर त्याचाच विचार. आयुष्यभर कुठं ना कुठं 'आपल्यातले नाहीत' म्हणून दार बंद झालं. आता पहिल्यांदाच कुणाच्यातली नसल्याचा फायदा होणार. आनंद व्हायला हवा होता. मला काहीतरी चुकल्यासारखंच वाटत राहिलं.

शुक्रवार, ३१ मार्च

दाव्याची नोटीस आली. माझ्याच पोस्टात आली. पोस्टमन चाँदपाशानं ती काउंटरवर माझ्यासमोर ठेवली, मीच पोचपावतीवर सही केली आणि मीच ती पावती वेगळी करून त्याच्याकडे दिली. तो बिचारा वर बघेना.

आत लिहिलंय, 'प्रतिवादीने बातमी देताच वादीने तात्काळ मोठ्या व स्पष्ट आवाजात, मी माझा शुफा हक्क बजावत आहे, असे म्हटले.' धडधडीत खोटं. ती बाई असलं मराठी बोलतच नाही. मला फार संताप आला. इतके दिवस म्हातारीबद्दल वाईट वाटत होतं, ते गेलं. पैसे निकाल लागल्यावर भरते, एवढंच पुढं आहे, कुठून ते नाही. कोर्टानं 'जैसे थे' म्हटलंय. म्हणजे मी राहायला जायचं नाही, भिंत घालायची नाही, विकायचं नाही. कुलूप घालून बसायचं.

शनिवार, १२ जुलै २०२५

सव्वादोन वर्षांनी ही वही पुन्हा काढली. मधे लिहिण्यासारखं काही नव्हतं, तारखाच होत्या. दोन घरं बदलली. सध्या वीरण्णांच्या माडीवर आहे. माणूस वाईट नाही, पण मुलाचं, रविकिरणचं, लग्न ठरल्यापासून जिन्यात भेटले की "तुमच्या घराचं काय झालं हो ताई?" असं विचारतात, आणि त्यांना काय विचारायचंय ते दोघांनाही माहीत असतं. दिवाळीपर्यंत खोल्या सोडायच्यात.

आज पंचाक्षरींनी माझं प्रतिज्ञापत्र तयार केलं. 'वादी बातमी ऐकून काही न बोलता आत गेली व तिने चहा केला.' मी म्हटलं, काही न बोलता कशी, पेढ्याचं काहीतरी बोलली की. ते म्हणाले, पेढा वगळा. 'कोणतीही मागणी न करता' असं करू. ते खरं होतं, मी सही केली. उलटतपासणीत विचारलं तेवढंच सांगा, एक शब्द जास्तीचा नको, हे त्यांनी तीनदा सांगितलं.

मंगळवार, ५ ऑगस्ट

दुपारी काउंटरवर गर्दी होती. चाँदपाशाची बायको माहेरहून आलेलं पार्सल घ्यायला आली. मी सही घेऊन पार्सल दिलं आणि ती बाजूला झाली. तेवढ्यात आतून चाँदपाशानं विचारलं, "पार्सल मिला क्या?" ती म्हणाली, "हौ, मैं ली."

मी पुढच्या माणसाचे फॉर्म तपासत होते. दोन फॉर्म तपासून झाले आणि मग हात थांबला.

चाँदपाशाला जवळ बोलावून विचारलं, "पार्सल असलं तर 'लिया' म्हणत न्हाईत का तुमच्यात?"

"पुस्तकातल्या उर्दूत म्हणतात मॅडम. आपल्या इकडं बाई बोलली की 'ली'. पार्सल ली, घर ली, काय बी घेऊ द्या."

"पेढा घेतला तर?"

"तरी 'ली'च. पर खाल्ला तर 'खाई' म्हणंल," तो म्हणाला आणि हसला. "का हो?"

काही नाही म्हटलं. घरी येऊन वहीचं पहिलं पान काढलं. पेढा डब्यात, डबा पिशवीत. माझंच अक्षर आहे.

तिला घाई झाली असेल पेढ्याची. म्हाताऱ्या माणसांना गोडाची ओढ असते. पण मग चहासोबत तिनं एकच पेढा घेतला, तोही अर्धा. हे तेव्हा लिहिलं नव्हतं, आता आठवतंय. का आठवतंय कोण जाणे.

बुधवार, ६ ऑगस्ट

विनोदला फोन केला. तो म्हणाला, "पेढ्याचंच म्हणली असंल. तू उगं डोकं खाऊन राहिलीस. परवा साक्ष आहे, आज तुला व्याकरण सुचून राहिलं."

मी म्हटलं, डबा पिशवीत होता.

तो म्हणाला, "प्रिया, ते पान फाड."

पंचाक्षरींना विचारलं. त्यांनी आधी दार लोटून घेतलं. "मागणीला तेवढे शब्दही पुरतात. पण त्यांच्या दाव्यात हे दोन शब्द आहेत? नाहीत. त्यांच्या वकिलानं भलतंच वाक्य लिहून ठेवलंय. ते ती म्हणाली का? नाही. मग नाही म्हणा आणि उतरा. तुम्ही खोटं बोलणार नाही आहात, बाई. फक्त जास्तीचं बोलणार नाही."

बरोबर आहे. माझ्या नोकरीतही तसंच आहे, पाकिटावर जेवढं लिहिलंय तेवढंच बघायचं, आत काय आहे ते आपलं काम नाही. मी दर पौर्णिमेला विहारात पाच शीलं घेते. चौथं शील खोटं न बोलण्याचं. त्यात गप्प बसण्याबद्दल काही नाही. मी आज मनातल्या मनात चारदा म्हणून पाहिलं. नाही.

आणि मला घर हवंय. हे लिहूनच ठेवते. मला ते घर फार हवंय.

शुक्रवार, ८ ऑगस्ट

साडेअकराला पुकारा झाला. रसूलबी मागच्या बाकावर शांतम्माशेजारी बसली होती. पुष्कळ वाळलीय.

तिचा वकील तरुण आहे, कागद उलटसुलट करत होता. म्हणाला, "तुम्ही बातमी देताच वादी मोठ्या आवाजात म्हणाल्या की मी माझा शुफा हक्क बजावत आहे. बरोबर?"

"हे म्हणणं खरं नाही."

"नंतर त्यांनी चहा केला?"

"हो."

तो आणखी चारदोन प्रश्न विचारून बसला. पंचाक्षरी खुशीत होते. न्यायाधीश बाई म्हणाल्या, "उतरा."

मी उतरले नाही. पाय उचलत होते, पण कठड्यावरचा हात सुटेना. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. मी म्हटलं, "मॅडम, त्या तसं म्हणाल्या नाहीत. पण काहीच म्हणाल्या नाहीत असं नाही."

पंचाक्षरी उठून काहीतरी बोलायला लागले. बाईंनी त्यांना हातानं थांबवलं. "काय म्हणाल्या?"

"मैं ली. दोनदा. चहाच्या आधी."

"काय ली?"

"तेव्हा मला वाटलं, पेढा."

"आणि आता?"

"पेढा पिशवीत होता, मॅडम."

कुणी हसलं नाही. टायपिस्टनं विचारलं, हे तसंच टाइप करू का मराठीत करू. बाई म्हणाल्या, तसंच करा. मग त्यांनी मला पुन्हा उतरायला सांगितलं, आणि या वेळी उतरता आलं.

बाहेर पंचाक्षरी माझ्यापुढे भराभर चालत राहिले. जिन्यापाशी फक्त म्हणाले, "मुसलमान-बिगरमुसलमान मुद्दा अजून शिल्लक आहे. पण बाई, तुम्ही आपल्या हातानं घर दिलं." विनोदला मी मेसेज केला. त्यानं वाचला, उत्तर नाही.

मी का बोलले ते मलाही सांगता येणार नाही. खरं बोलल्यावर हलकं वाटतं म्हणतात. मला नुसती भूक लागली होती.

रविवार, १० ऑगस्ट

रसूलबीकडे गेले. कोर्टात दावा चालू असताना जाऊ नये म्हणतात, पण मला आता कुणाचं ऐकायचं नव्हतं. अंगणात माझ्या रेघेची काही खूण उरलेली नाही. ती हापशापाशी भांडी घासत होती. मी पायरीवर बसले.

"खाला, त्या दिवशी तुम्ही दारातच मागितलं. मग चहा कशाला केला? माझा वकील त्या चहावरच जगत होता."

"तू घर आई थी," ती म्हणाली. म्हणजे मी तिच्या घरी आले होते. तिच्या लेखी विषय संपला. मग म्हणाली, "अब्बा सिखाए थे. जमीन की खबर आई तो सांस लेनेके पैले बोलना. बाकी सब बाद में."

"तुमच्या वकिलाला का नाही सांगितलं?"

"बोली ना. वो बोल्या, इत्ते में नई होता. बडा बडा लिखना पडता."

मी विचारलं, भाऊ तर म्हणत होता की तुम्हाला विचारलंय. तिनं पातेलं उपडं घातलं. "आया, बोल्या मैं हिस्सा बेचरा. बोल्या, तेरे पास पैसे हैं क्या. नई बोली. ये पूछना हुआ क्या? इसी घर में पैदा हुई मैं. मेरेकू कोई पूछा नई." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू बी नई पूछी. आई, दीवार नापी, चाय पी."

आधी रागच आला. सगळे कागद माझे, रजिस्ट्री माझी, आणि मी हिला कशाला विचारायचं? मग मला ती दुपार आठवली. चांगल्या कपातून चहा पीत मी तिला तिच्या अंगणातून बाहेर काढत होते आणि वर पाणी भरायची परवानगी देत होते. इतकी वर्षं घरमालकांनी माझ्याशी जे गोड बोलून केलं ते मी एका चहात उरकलं होतं. मला लाज वाटली. इतकी की तिथून उठून जावंसं वाटलं.

उठले नाही. म्हटलं, "खाला, निकाल काय लागायचा तो लागो. मी तुम्हाला आता इचारते. मी इथं राहायला आले तर तुम्हाला चालंल का?"

तिनं हात पदराला पुसले. "दीवार?"

"न्हाई घालत."

मला वाटलं, आता हौ म्हणेल. ती म्हणाली, "सोचके बोलती," आणि उरलेली भांडी उचलून आत गेली.

गुरुवार, १४ ऑगस्ट

चार दिवस झाले. आज पोस्टातून सुटल्यावर त्या गल्लीतून आले. घराकडे येताना ती गल्ली लागत नाही, पण आले. रसूलबी दारातच होती. पोस्टात गर्दी आहे का, विचारलं. मी आहे म्हटलं. शांतम्माचे गुडघे दुखतात, असं ती म्हणाली. मी बरं म्हटलं. घराचं ती काही बोलली नाही. माझ्या ओठावर प्रश्न आला होता, पण मी विचारला नाही. एकदा विचारलंय. आता तिची पाळी आहे.

विनोदचा फोन आला, सहा दिवसांनी पहिला. "काय म्हणली म्हातारी?"

मी म्हटलं, "विचार करून राहिली आहे."

"किती दिवस करणार?"

"करू दे," मी म्हटलं.